मेव्हण्याला देऊन टाकलेली म्हातारी

आमच्या जाबिसात अप दोफूला, म्हणजे दोफूबाबाला, ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्याच्या आवाजाने दचकलं नाही असं कुत्रं नाही. त्याने घरात बायकोकडे मीठ मागितलं तरी नदीपलीकडच्या चुमेसा गावाला कळतं की दोफू जेवायला बसलाय. पण माणूस मोठा गोड. धनुष्याच्या खेळात आपल्या गावाचा बाण फळीला लागला, मग तो कुणाचाही असो, की पहिला नाचायला लागणार तो दोफू. स्वतःचा लागला तर विचारूच नका. घोचा, म्हणजे अंगातल्या गुडघ्यापर्यंतच्या झग्याचा, कमरपट्टा सुटून गुडघे उघडे पडेपर्यंत नाचतो. या वयात.

त्याचं उभं आयुष्य खिंडीच्या रस्त्यावर गेलं. हिवाळ्यात बर्फ ओढायचं, पावसाळ्यात कोसळलेली दरड उपसायची, आणि मधल्या दिवसांत खडक फोडायचं मशीन छातीशी धरून उभं राहायचं. ते मशीन घडघडायचं तेव्हा दोफूचे दातसुद्धा वाजायचे. आता ते कधीचं गंजून पडलंय, पण त्याची थोडी घडघड दोफूच्या उजव्या हाताच्या बोटांत राहून गेली. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. विचारलं असतं तर विचारणाऱ्यालाच झापलं असतं. घरात मात्र त्याची बायको, आउम बिदा, म्हणजे बिदाबाई, त्याच्या लाकडी वाटीत चहा अर्धाच ओतायची. त्यावर दोघांत कधी एक शब्द झाला नाही.

दोफूला सगळ्यात प्रिय काय, तर गावाच्या संघातली आपली जागा. बांबूची धनुष्यं होती तेव्हा तो मिसरूड न फुटलेला पोरगा म्हणून संघात आला, टोकांना चाकं बसवलेली परदेशी धनुष्यं आली तरी तिथेच होता. त्याच्याकडचं चाकांचं धनुष्य जुनं होतं, कुणाच्या तरी हातून वापरून आलेलं. लांबलचक, जड, आणि चालीला अगदी संथ. त्याचा बाण सुटला की आधी वर जाऊन देवाला भेटायचा, तिथे दोन घटका बसायचा आणि मग खाली उतरायचा. चुमेसाचे लोक ओरडायचे, दोफूचा बाण सुटला रे, चुलीवर चहा ठेवा, तो येईपर्यंत उकळेल. पण आला की तो बाण फळीलाच यायचा. दर वेळी नाही, पण ज्याच्या भरवशावर डाव मांडावा इतक्या वेळा. त्या धनुष्याला सगळे म्हातारी म्हणायचे. दोफूसुद्धा म्हणायचा, पण त्याला ते आवडायचं नाही.

आता या टोमण्याचं एक असतं. तो पहिल्यांदा ऐकला की हसू येतं, दहाव्यांदा ऐकला की कान तापतो. गेल्या साली दोफूचा कान तापला.

त्याचा जावई योंतेन थिंफूला पाहुण्यांची गाडी चालवतो. आमच्या कुट्टूची कापणी झाली आणि योंतेन नवंकोरं धनुष्य घेऊन दारात उभा राहिला. काळं कुळकुळीत, आखूड, ओढायला असं कडक की खांद्याचं हाड बोलावं. आणि वेग? दोरी सुटल्याचा आवाज कानात शिरायच्या आधी बाण पलीकडे. म्हातारीच्या बाणासारखा आकाशात फिरायला जात नाही, सरळ रेघ मारल्यासारखा जातो. दोफूने त्याला लगेच ससाणा नाव ठेवलं आणि त्या संध्याकाळी घरी सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलावलं.

आरा, म्हणजे घरची दारू, दोन-दोन वाट्या झाली. दोफूने भिंतीवरची म्हातारी काढली, सगळ्यांसमोर वर धरली आणि बिदाच्या धाकट्या भावाला, छेतेमला हाक मारली. हा छेतेम चुमेसाच्या संघातला. माणूस देवमाणूस, पण नेमबाज म्हणून असा की त्याची पाळी आली की त्याच्याच गावाचे लोक पान लावायला बसत. सामन्यात दोफूची आणि त्याची वर्षानुवर्षांची समोरासमोरची जोडी, म्हणजे एका टोकावरून पाठोपाठ दोघांनी बाण मारायचे. दोघांची उंची एक, हातांची लांबी एक. लग्नकार्यात एकमेकांचे घो घालून जायचे.

"मेव्हण्या, ही घेऊन जा," दोफू गरजला. "हे धनुष्य नाही, ताक घुसळायची रवी आहे. मला आता हिचा उपयोग नाही. तुला लोणी तरी काढता येईल."

घर हसून लोटपोट झालं. छेतेमही हसला, दोन्ही हात पुढे करून त्याने म्हातारी घेतली आणि कपाळाला लावली. एकटी बिदा हसली नाही. तिने उठून चुलीत लाकूड सरकवलं.

दुसऱ्या दिवसापासून दोफू मैदानावर. आमचं मैदान म्हणजे नदीकाठची लांबच लांब पट्टी, दोन टोकांना दोन लाकडी फळ्या. फळी हातभर रुंद, कमरेएवढी उंच. या टोकावरून त्या टोकाला उभा असलेला माणूस ओळखायचा तर घोच्या रंगावरून ओळखावा लागतो, एवढं अंतर. पहिला बाण ससाण्याने असा नेला की फळीच्या मधोमध थाडकन बसला. फळी हलली. दोफू नाचला. दुसरा बाण डावीकडे, पार मेंढ्यांच्या कुंपणात. तिसरा उजवीकडे. चौथा कुठे गेला ते अजून कुणाला माहीत नाही.

असं रोज व्हायला लागलं. एक असा लागायचा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं, आणि मग पुढचे चार असे फाकायचे की बघणाऱ्याने जीव वाचवावा. आमच्याकडे रीत अशी की आपला माणूस बाण मारत असताना आपल्या संघाची माणसं पलीकडे फळीशेजारी उभी राहतात, हात हलवून सांगतात, वर गेला, खाली पडला, थोडा इकडे घे. म्हातारीच्या वेळी ते फळीला रेलून विडा चघळत उभे असायचे. ससाण्यापुढे उभं राहायला कुणी तयार होईना. झाडामागून हात तेवढा बाहेर यायचा आणि हलायचा.

दोफूला वाटलं, कुणीतरी काहीतरी केलंय. आमच्या माणसाला हेच आधी वाटणार, त्यात नवल नाही. चुमेसाच्या ज्योतिष्याने आपल्या वाटेत काहीतरी पुरलं असणार, अशी त्याची खात्री पटली. मग त्याने खोऱ्याच्या देवाला धुपीच्या हिरव्या फांद्यांचा धूर दिला. झोपताना डोकं दक्षिणेला करायचा ते पूर्वेला केलं. घरातून निघताना उजव्या दाराने निघू लागला, आणि त्याच्या घराला उजवं दार नसल्यामुळे गोठ्यातून. धनुष्याला बाईचा पाय किंवा हात लागू नये हे तर सगळेच पाळतात, पण दोफूने ससाणा आढ्याला टांगला, न जाणो बिदाची सावली पडायची. एक दिवस तो लामांकडून मंतरलेला दोरा आणून धनुष्याला बांधत बसला होता, तेव्हा बिदाला राहवलं नाही.

"देवाला कशाला पळवताय?" ती म्हणाली. "धनुष्य पळतं, तुमचा हात पळत नाही. झालं."

दोफूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बायकांना धनुष्यातलं काय कळतं, असं तो म्हणाला, आणि ते एवढ्या मोठ्याने म्हणाला की चुमेसातल्या बायकांनाही ते कळलं.

वास्तविक बिदाला नाही कळणार तर कुणाला कळणार? गावातल्या बायका सामन्यात कडेला उभ्या राहून नाचतात, आपल्या माणसांना चढवतात, दुसऱ्यांना गाण्यातून टोमणे मारतात. बिदा लग्न होऊन आल्यापासून त्या रांगेच्या टोकाला, म्हणजे बाण मारणाऱ्याच्या अगदी जवळ. दोफूची बोटं दोरी सोडताना काय करतात ते तिने जेवढं बघितलं तेवढं दोफूनेही बघितलं नव्हतं. मी तुम्हाला साध्या शब्दांत सांगतो. ससाण्याची दोरी मुठीच्या अगदी जवळ बसते. त्यामुळे दोरी सुटली तरी बाण बराच वेळ तिला चिकटून राहतो, आणि तेवढ्या वेळात हात जरा जरी कापला तर ते कापणं बाण सोबत घेऊन जातो. शिवाय धनुष्य तापट, बारीक चूक मोठी करून दाखवणारं. म्हातारीची दोरी मुठीपासून लांब. तिचा बाण लवकर मोकळा व्हायचा, मग मागे हात कापो नाहीतर नाचो. वेगाचा फायदा कुठे, तर अंतराचा अंदाज नसेल तिथे. आडरानात शिकार धरायची तर सरळ जाणारा बाण बरा. पण आमच्या दोन फळ्यांमधलं अंतर आजोबा-पणजोबांपासून तेच आहे. दोफूला ते झोपेत माहीत. किती वर धरायचं हा प्रश्नच नव्हता त्याला कधी. मग वेग घेऊन काय करायचं, टोमणे थांबवायचे?

लोंबा जवळ आला. लोंबा म्हणजे आमच्या ‘हा’ नावाच्या खोऱ्याचं नवं वर्ष, ऐन थंडीत येतं. घरोघरी होंते सुरू झाले, कुट्टूच्या पिठाचे, आत सलगमाची पानं आणि चीज. आणि लोंब्याला जाबिसा विरुद्ध चुमेसा हा सामना ठरलेला. आमच्या संघाचा म्होरक्या अप शेराब. तो दोफूचा जुना दोस्त, पण संघाच्या बाबतीत कुणाचा नाही. त्याने दोफूला नदीवर गाठलं आणि सरळ सांगून टाकलं की या सामन्यात तुझा बाण लागला तर ठीक, नाहीतर पुढच्या लोंब्यापासून तुझ्या जागी दुसरा उभा राहील, तू कडेला चहाची किटली सांभाळ. गावाने सलग दोन वर्षं हार खाल्ली होती, शेराबलाही लोकांना तोंड द्यायचं होतं. दोफू म्हणाला, कबूल. घरी येऊन जेवला नाही.

सामन्याच्या आदल्या रात्री संघातले सगळे बायकांपासून दूर, शेराबच्या गवताच्या माळ्यावर झोपले, रीतच आहे तशी. सकाळी ज्योतिष्याने सांगितलेल्या दिशेने वळसा घालून मैदानात उतरलो. ऊन पडलेलं, बाजूच्या डोंगरावर बर्फ, बायका नवे किरे नेसून रांगेत. तीन डाव, पंचवीस गुणांना डाव.

पहिल्याच फेरीत छेतेम उभा राहिला. चुमेसाचे लोक सवयीप्रमाणे पान लावायला बसले. आमच्या बायकांनी गाणं उचललं, आणि सगळ्यात वरचा आवाज त्याच्या सख्ख्या बहिणीचा:

"छेतेमदादा धनुष्य ताणी,
डोळ्यांत आलं थंडीनं पाणी,
फळी कुठली, खांब कुठला,
बाण शेणात जाऊन बसला."

म्हातारीचा बाण वर गेला, देवाला भेटला, आणि फळीत जाऊन बसला. पान लावणारे उठून उभे राहिले. छेतेमने कमरेला पहिलं रंगीत फडकं खोचलं. लागलेल्या प्रत्येक बाणाला एक फडकं. जेवणाची वेळ होईपर्यंत छेतेमच्या कमरेला इतकी फडकी होती की तो देवळाच्या खांबासारखा दिसत होता.

आणि दोफूची कमर कोरडी. एक नाही. त्याचे बाण मोठा आवाज करत गेले आणि इकडे तिकडे घुसले. चुमेसाच्या बायकांना आयतं मिळालं:

"ससाणा आणला थिंफूहून,
बसतच नाही फळीवर येऊन,
दोफूबाबा, शीळ घाला,
बघा कुठल्या झाडावर गेला."

गाणं इतकं बरोबर होतं की आमचेही काही जण हसले. मीही हसलो, काय लपवायचं.

पहिला डाव चुमेसाचा झाला. दुसरा आम्ही कसाबसा ओढला, तो शेराबच्या जिवावर. मग जेवण. सगळे गोल करून होंते खायला बसले, आणि दोफू एकटा दगडावर जाऊन बसला, ससाणा मांडीवर आडवा घेऊन. तिसरा डाव राहिला होता. शेराब त्याच्याकडे बघत नव्हता, आणि हे जास्त वाईट होतं.

बिदा चहा घेऊन गेली. वाटी त्याच्या हातात दिली, ओतला, नेहमीसारखा अर्धा. दोफूने वाटीत बघितलं. मग तिच्याकडे.

"अर्धाच का ओततेस?"

इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदा विचारलं. बिदाने किटली खाली ठेवली.

"भरून ओतला तर सांडतो."

"कधीपासून?"

"ल्हादेमच्या लग्नाआधीपासून."

ल्हादेम म्हणजे त्यांची मुलगी, योंतेनची बायको. तिला आता दोन मुलं आहेत. वाटी धरलेली त्याची बोटं हलत होती आणि तो ती अशी बघत होता, जशी ती दुसऱ्या कुणाची आहेत.

"मग तू बोलली का नाहीस?"

"रागावला असतात. आणि त्यात बोलण्यासारखं काय आहे? खडक फोडून हात कापतो, चोरी करून नाही." तिने त्याच्या घोवरचा पिठाचा डाग झटकला. "म्हातारीला तुमचा हात ठाऊक होता. ती सांभाळून घ्यायची. याला कुठून ठाऊक असणार, काल आलेला तो."

दोफूने अर्धी वाटी एका घोटात संपवली आणि उठला. मला वाटलं, घरी चालला. पण तो चुमेसाच्या लोकांच्या गोलात गेला, जिथे छेतेम सगळी फडकी सांभाळत बसला होता, आणि त्याच्यासमोर उभा राहिला.

"छेतेम, धनुष्य दे."

"कुठलं, दाजी?"

"म्हातारी."

सगळ्यांची तोंडं चालायची थांबली. छेतेमच्या डोळ्यांत हसू आलं, पण त्याने ते ओठांपर्यंत येऊ दिलं नाही. "ती तर ताक घुसळायची रवी आहे ना? तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. चुकलो," दोफू म्हणाला. त्याने आवाज खाली घेतला होता, पण दोफूचा खालचा आवाज म्हणजे तुमच्याआमच्या बोंबलण्याएवढा, सगळ्या मैदानाने ऐकलं. "हात कापतो माझा. ससाण्याला ते खपत नाही, तिला खपतं. दे."

सांगतो तुम्हाला, त्या क्षणी मला त्याचा इतका अभिमान वाटला, बाण लागल्यावरही तेवढा कधी वाटला नव्हता.

मग जो गोंधळ झाला. शेराब धावत आला, शत्रूचं धनुष्य आपल्या माणसाच्या हातात, हे कुठलं शास्त्र? चुमेसाचा म्होरक्या ओरडायला लागला की आमचं हत्यार आमच्यावरच? दोन्ही गावांचे म्हातारे जमले, विडे लावले गेले, आणि बऱ्याच खलानंतर निष्पन्न झालं ते एवढंच की असं कधी कुणी मागितलंच नसल्यामुळे त्याला मनाई पण नाही. शेवटी चुमेसाच्या म्होरक्याने अट घातली. दोफूने चुमेसाच्या बायकांच्या रांगेत उभं राहून ससाण्याचं गाणं स्वतः म्हणावं, मग खुशाल मारावा एकाच धनुष्याने दोघांनी.

त्याला वाटलं असेल, माणूस शरमेने माघार घेईल. दोफूला ओळखतच नव्हता तो. दोफू गेला, बायकांचे हात धरले आणि स्वतःच्या फजितीचं ते गाणं अशा खड्या आवाजात म्हटलं की डोंगरावरून उलटं ऐकू आलं. वर शेवटी खरोखर शीळ घातली आणि हात कपाळाला लावून झाडांत शोधल्यासारखं केलं. चुमेसाच्या बायका हसून हसून खाली बसल्या.

तिसरा डाव सुरू झाला. आता म्हातारी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. छेतेम मारायचा, दाजीला द्यायचा. दाजी मारायचा, मेव्हण्याला द्यायचा. बायकांची मोठी पंचाईत झाली. धनुष्याला शिव्या द्याव्यात तर पुढच्या घडीला ते आपल्याच माणसाच्या हातात. बिदाने एक कडवं सुरू केलं, अर्ध्यावर थांबली आणि हसतच सुटली.

दोफूचा पहिला बाण फळीच्या खूप अलीकडे धपकन पडला. ससाण्याच्या सवयीने त्याने सरळच धरलं होतं. "दाजी, देवाला विसरलात," छेतेम मागून म्हणाला. दोफू हसला, हात वर उचलला, आणि दुसरा बाण गेला वर, वर, निळ्या आभाळात दिसेनासा झाला, आणि खाली आला तो फळीवर. पलीकडे आमचे लोक झाडामागून बाहेर पडले आणि नाचायला लागले. इकडे दोफू. त्याचा कमरपट्टा लागलेल्या पहिल्याच बाणाला सुटला.

डाव चढत गेला. कधी ते पुढे, कधी आम्ही. उन्हं डोंगराच्या कडेला टेकली आणि दुपारचा वारा उठला. गुण असे आले की आमचा एक बाण फळीला लागला तर सामना आमचा, आणि हुकला तर पुढची पाळी छेतेमची, ज्याचं त्या दिवशी सगळंच लागत होतं. पाळी होती दोफूची, आणि त्याच्याकडे उरला होता एक बाण.

बायकांनी गाणी थांबवली. दोन्हीकडच्या. दोफूने म्हातारी उचलली, ओढली, हनुवटीपर्यंत आणली. मी पलीकडे फळीजवळ होतो, त्यामुळे पुढचं मला त्याच्या तोंडून कळलेलं आहे. तो म्हणतो, ओढून धरलं तेव्हा सगळं ठीक होतं. मग वारा थांबायची वाट बघितली, जास्त वेळ धरलं, आणि बोटं सुरू झाली. मशीन सुरू झाल्यासारखी. थांबवता येईनात, उतरवताही येईना. दोरी त्याने सोडली नाहीच, ती निसटली, एक बोट आधी, दुसरं मागाहून. बाण सुटताच त्याला कळलं की गेला. जागा गेली, किटली आली. त्याने डोळे मिटून घेतले.

आम्हाला फक्त बाण दिसला. उंच गेला, वळला, येताना जरा डगमगला आणि फळीच्या अगदी उजव्या कडेला, दोन बोटांच्या जागेत, टक् करून बसला.

आवाज फुटला तो असा की नदीपलीकडची कुत्री भुंकायला लागली. आम्ही फळीभोवती हात वर करून नाचत होतो, पण माझं लक्ष त्या टोकाला गेलं आणि मी नाचता नाचता थांबलो. तिकडे दोफू डोळे मिटूनच उभा होता आणि त्याच्याभोवती कमरेची सगळी फडकी उडवत एकच माणूस नाचत होता, छेतेम. आपल्या गावाला हरवणाऱ्या बाणावर नाचत होता. त्याचा म्होरक्या त्याच्या नावाने बोंबलतोय आणि याला शुद्ध नाही. बिदा धावत आली आणि तीही नाचायला लागली, एक हात नवऱ्याच्या हातात, एक भावाच्या. तेव्हा कुठे दोफूने डोळे उघडले.

संध्याकाळी शेकोटीभोवती दोन्ही गावं एकत्र बसली. शेराबने दोफूला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि पुढच्या लोंब्याला तुझी जागा पक्की, पण धनुष्य कुणाचं ते वेळेवर ठरवून ये, असं बजावलं. बिदाने वाटीत चहा ओतला, अर्धा. दोफूने वाटी पुढेच धरून ठेवली. तिने त्याच्याकडे बघितलं आणि काठापर्यंत भरली. तो सांडला, त्याच्या घोवर, माझ्या घोवर, आणि त्याने सगळ्यांसमोर पायाशी बोटं झटकून पुन्हा वाटी पुढे केली.

मग तो म्हातारी घेऊन छेतेमजवळ गेला आणि दोन्ही हातांनी ती त्याच्या मांडीवर ठेवली. दिलेली वस्तू मी परत घेणार नाही, म्हणाला, लोंब्याच्या दिवशी तेवढी देत जा. ससाण्याचे मी स्क्रू ढिले करून घेतो, तोही जरा शांत होईल. छेतेमने मान डोलावली. दोफू तिथेच बसून राहिला. काहीतरी त्याच्या पोटात राहत नव्हतं.

"खरं सांगू? तो शेवटचा बाण वाईट सुटला होता," त्याने हळू आवाजात सांगितलं. शेकोटीवरच्या सगळ्यांनी ते ऐकलं.

"मला दिसलं की, मागेच तर होतो मी," छेतेम म्हणाला, आणि आरा ओतून घेत पुढे बोलला, "दाजी, सकाळपासून माझे सगळे असेच सुटतायत. तुम्हाला काय वाटलं, मी शिकलो?"